अबू सिंबेलला कोण कोण जाणार

नब्राचं लग्न ठरल्यावर कैरोची सासरची माणसं पहिल्यांदाच तिच्या घरी कोम ओम्बोला येणार होती. त्यांना अबू सिंबेलचे प्रचंड पुतळे दाखवायचा बेत तिनेच आखला. पहाटे निघायचं, ऊन तापण्याआधी पोहोचायचं, येताना अस्वानला मासे खायचे.

"मीही येते गं," तिची आई दहिबा म्हणाली. ती घेवड्याचे दाणे सोलत बसली होती. "तिथंच खाली आमचं गाव होतं. धरण बांधलं तेव्हा दगडाचे राजे कापून वर नेले, आम्हाला बोटीत कोंबलं. त्यानंतर पाहिलेच नाहीत."

आईची मातृभाषा नुबियन, अरबी मोडकीतोडकी. बाईला पुरुष करायची, पुरुषाला बाई. अस्वानच्या शाळेत अरबी शिकवणाऱ्या नब्राला होणाऱ्या सासूसमोर ते नको होतं.

"गाडीत जागा नाही, आई."

"बरं," दहिबा म्हणाली.

संध्याकाळी सासूचा, इंजी हानमचा, फोन आला. नब्राचे हात पिठात होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"विहीणबाई येणार ना? पुढची सीट त्यांच्यासाठी ठेवलीय हं!"

नब्राची मान वर होईना. तेवढ्यात शेजारी उरलेले दाणे सोलणारी आईच फोनकडे वाकून मोडक्या अरबीत म्हणाली, "माझे गुडघे धरलेत हो. पोरीने किती आग्रह केला, मीच नको म्हटलं."

आईचे गुडघे ठणठणीत होते. सकाळीच ती गच्चीवर गाद्या वाहून आली होती. नब्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, आई खोटं बोलतेय," तिच्या तोंडून निघालं. "जागा नाही असं मीच तिला सांगितलं होतं. मला... तिच्या बोलण्याची लाज वाटली."

मग इंजी हानम थंडपणे म्हणाली, "त्यांना घेऊन ये," आणि फोन ठेवला.

"कशाला सांगितलंस? झाकलं होतं ना मी!" दहिबा चिडली. मग हळूच म्हणाली, "येते मी. पण तू घाबरू नकोस. तिथं मी तोंड उघडणार नाही."

ते ऐकून नब्राला रडू फुटलं. कित्येक वर्षांनी ती आईशी नुबियनमध्ये बोलली, अडखळत, चुकत, "बोल गं. तू सगळं बोल."

दहिबाने तिच्याकडे पाहिलं. "माझ्या अरबीपेक्षा मोडकं बोलतेस की!" ती म्हणाली, आणि पुन्हा दाणे सोलू लागली. हसली मात्र नाही.