कवळीला चिकटलेलं डांबर

डांबर वितळवून त्यात हवा फुंकत राहिलं, की ते घट्ट होत जातं. मग छपरांची गळती थांबवायला चालतं. कमी फुंकलं तर उन्हात ओघळतं. जास्त फुंकलं तर टाकीतच दगड होतं आणि छिन्नी-हातोड्याने फोडावं लागतं. हवा कधी बंद करायची, हे आमच्या कारखान्यात चाळीस वर्षं माझे सासरे दातांनी ठरवत आले. पाण्यात गार केलेला तुकडा चावायचा. दाताला चिकटला तर कच्चा. खूण उमटून सुटला तर तयार.

गेल्या आठवड्यात त्यांना कवळी बसली.

"चिकटतंय," दुपारी तिसऱ्यांदा चावून ते म्हणाले. "चालू दे हवा."

"बाबा, टाकी दोनशे पासष्ट अंशांवर गेलीये."

"जाऊ दे की. तुझ्या काट्याला दात आहेत का?"

हवेच्या व्हॉल्व्हवर उभा असलेला फुंक्या कधी त्यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे.

मी खोलीत जाऊन तपासणी लावली. पितळी कड्यात डांबर, वर पोलादी गोळी, खाली आच. गोळी किती अंशांवर पडते ते बघायचं. हे मी पुस्तकातून शिकले, म्हणून घरात याला 'सूनबाईंच्या गोट्या' म्हणतात. पंचाऐंशी ते पंचाण्णवमध्ये पडली तर माल पास. काटा ऐंशीवर येईपर्यंत मी तीनदा दाराशी जाऊन आले. नव्वद झालं, गोळी ढिम्म. चौऱ्याण्णवला पडली. आणि हा नमुना तर अर्ध्या तासापूर्वीचा!

मी धावतच सुटले. "फुंक्या, बंद कर!"

"मिस्त्री नको म्हणतायत."

मीच व्हॉल्व्ह फिरवला. "आता पिंपं भर, पटकन!"

"चारचौघांत माझा शब्द मोडलास," बाबा म्हणाले. बोलताना त्यांची कवळी दिसली, काळी मिचकूट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डांबर कच्चं नव्हतंच, ते प्लास्टिकला चिकटत होतं.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "तुमच्या दातांची चूक नाही. हे दात तुमचे नाहीत."

त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली.

"मिस्त्री, आता ऐकायचं कुणाचं?" फुंक्याने विचारलं.

"जिनं हवा बंद केली तिचं," बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

पिंपातला नमुना घेऊन मी पुन्हा गोळी लावली. बाबा स्टूल ओढून बसले, उठले, परत बसले.

"पडत का नाही गं?"

"बाबा, हात लावू नका."

पंचाण्णवला पडली. काठावर, पण पास. मी खुर्चीत टेकले.

"बसतेस काय? दुसरी लाव," बाबा म्हणाले. "एकदा पडली म्हणजे काय झालं?"