खटका न वाजलेला दिवस

मित्रांनो, मला पाहून हात मागे घेऊ नका. मी एक जुनी हातकडी आहे आणि हल्ली माझा खटकाही गंजला आहे. हैदराबाद संस्थानाच्या एका चौकीत मी बरीच वर्षे काढली. कोणालाही पकडले की आधी माझी आठवण होई. शिपाई म्हणत, "बडी पक्की चीज है." मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे संस्थान भारतात विलीन झाले. जुना उर्दू कायदा जाऊन नवा आला आणि मला पोलीस शिक्षणशाळेत पाठवले. तिथे शिकाऊ फौजदार मला वापरून अटकेचा सराव करीत.

त्यांतला हैदराबादच्या नल्लकुंटा मोहल्ल्यातला बाळकृष्ण कलमे घडाघडा म्हणे. वॉरंट केव्हा लागते, केव्हा नाही, सारे तोंडपाठ. पण मला हातात घेतले की त्याचे हात कापत. त्यापायी तो एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला तर नोकरी जाणार होती, आणि घरी विधवा आईला, मालनबाईंना, दुसरा आधार नव्हता. म्हणून शाळेत शिकवणाऱ्या उस्तादांची परवानगी काढून रविवारी तो मला सरावासाठी घरी घेऊन गेला.

मालनबाई भाकरी थापत होत्या. "आई, तू चोर. चल ठाण्यावर," बाळकृष्ण म्हणाला.

त्या तशाच पिठाच्या हातांनी उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ह्याने त्यांचे मनगट धरून मला पुढे केले.

"चल म्हणलास, आले की मी," त्या म्हणाल्या. "मग हात कायकू बांधायलास? गल्लीतली माणसं बघायलीत."

बाळकृष्ण मला मागे घेऊन खाली बसला. जो बोलून किंवा वागून स्वाधीन होतो त्याच्या अंगाला हात लावायचे कारण नाही, हे कलम त्याला पाठ होते. त्याचा अर्थ आज कळला. मला मात्र त्या बाईंचा रागच आला.

परीक्षेत एका वयस्क जमादाराने चोराचे सोंग घेतले. "चलता हूँ साब," म्हणत तो आपणहून पुढे होई, तरी जो तो मला त्याच्या मनगटावर ठोकी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय. मी खुशीत होते.

बाळकृष्णाने जमादाराला त्याचा गुन्हा सांगितला, मला पट्ट्यालाच राहू दिले आणि त्याच्या बाजूने चालू लागला. हात कापतात म्हणून टाळले असे वाटून बाकीचे हसले.

"हातकडी विसरलात?" परीक्षक साहेबांनी विचारले.

"नाही साहेब. ते येतो म्हणाले."

साहेबांनी गुणांचा कागद पुढे ओढला. "सकाळपासून मी ह्याचीच वाट बघत होतो," ते म्हणाले आणि त्यांनी बाळकृष्णाला पास केले. माझा तोरा तिथेच उतरला.

मित्रांनो, माझ्या खटक्याला तेल द्या, किल्ली जपा. पळणाऱ्यासाठी मी लागतेच. पण जो स्वतः चालत येतो त्याला मला दाखवू नका. मालनबाईंचे ते पीठ लागलेले मनगट मला अजून आठवते. त्यावर माझा खटका बसला नाही, हे फार बरे झाले.