शुद्धीवर आलेला जखमी

बाबांनी रंगवलेल्या सैनिकाचा उजवा डोळा भुवईखाली नव्हता, गालाच्या हाडावर होता. चोपन्न मिलिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या सैनिकाचा डोळा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा काळा ठिपका. तो सव्वा मिलिमीटर खाली उतरला होता. मी काम करते त्या प्रयोगशाळेतून आणलेल्या, आत मोजपट्टी कोरलेल्या भिंगातून मी तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तेच माप आलं.

बाबा नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी डोंगरांच्या उंचीच्या रेषा काढल्या आणि एक रेष दुसरीला चिकटू दिली नाही. सैनिक जमवायचा नाद नोकरीपेक्षा जुना. काचेच्या कपाटात चारशे बारा सैनिक तुकडीवार उभे आहेत. विकत घेताना ते एकरंगी असतात, हिरवे नाहीतर करडे. बाबा साच्याची कड ब्लेडने तासतात, साबणाच्या पाण्याने धुतात, रंगवतात आणि सगळ्यात शेवटी पेन्सिलीला बसवलेल्या सुईने डोळे देतात. डोळे दिले की सैनिक भरती झाला.

"घरात चारशे जवान," आई म्हणते, "आणि गॅसचा सिलिंडर सरकवायला एक नाही."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि ऑपरेशन करा म्हटलं, त्याला दीड वर्ष झालं. बाबा म्हणाले, "बघू." आम्ही विचारत राहिलो, ते बघू म्हणत राहिले. क्रियापदाची निवड चुकत होती. मधल्या काळात त्यांनी जिन्यात दोरीवर वाळणाऱ्या गाऊनला "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून शेजारीण हल्ली फार आखडते असं त्यांचं मत झालं.

गालावरचा डोळा मी त्यांना दाखवायला हवा होता. त्याऐवजी मी तो खरवडला आणि भुवईखाली नवा दिला. सकाळी बाबा फिरायला गेले की माझ्याकडे चाळीस मिनिटं असायची. त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीचे डोळे मी दुरुस्त केले. बाबांचे मित्र, आमचे औषधवाले काका, दर रविवारी नवी भरती बघायला यायचे आणि म्हणायचे, "हात काय बसलाय लेका तुझा!" मग बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "ऐकलंस? मोतीबिंदू म्हणे."

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मोतीबिंदू घट्ट होत चाललाय, आणखी थांबलात तर काढणं अवघड जाईल. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ सैनिकांना नवे डोळे दिले.

मग वैद्यकीय तुकडी आली. दोन स्ट्रेचरवाले, एक डॉक्टर, एक जखमी. जखमीच्या चेहऱ्यावर ठिपके नव्हते, नुसत्या दोन बारीक काळ्या रेषा होत्या. सुई घसरली असणार, असं मी धरलं. रेषा पुसल्या, डोळे दिले आणि कामावर गेले.

रविवारी काकांनी स्ट्रेचर उचललं आणि खिशातलं भिंग लावलं.

"काय रे, हा जखमी ना?"

"पोटात गोळी आहे त्याच्या."

"मग एवढा टवटवीत कसा? टक लावून बघतोय माझ्याकडे."

"बेशुद्ध आहे तो."

"होता. आता शुद्धीवर आलाय. चहा मागेल बघ."

बाबांनी जखमीला खिडकीशी नेलं, नाकाजवळ धरलं, लांब धरलं. मग त्याच्या चेहऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मिटलेल्या पापण्यांच्या खाचा साच्यातच असतात. सुई त्या खाचेतून नुसती ओढायची असते, त्याला नजर लागत नाही. त्या तुकडीत बाबांचं तेवढं एकच काम बरोबर झालं होतं, आणि खाचा माझ्या रंगाने बुजल्या होत्या.

"घरात भिंग कोणाकडे असतं?" बाबांनी विचारलं.

"मी भाजी निवडतेय," आई म्हणाली. "मला यात ओढू नका."

काकांना एकदम काहीतरी काम आठवलं. ते चहा अर्धा टाकून गेले.

"कधीपासून?" बाबा म्हणाले.

"आठ महिने."

"किती?"

"एकशे सहा. हा धरून."

ते कपाटासमोरच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी घसा खाकरला.

"मला कळलं नाही, म्हणजे काम चांगलंच केलंयस. मग असंच करू. गणवेश मी, डोळे तू. चोरून नको, इथे टेबलावर बस माझ्याशेजारी."

लहानपणी मला त्या कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती. टेबलावरची जागा मी पाहिली. खिडकीतून डावीकडून उजेड येत होता, अगदी हवा तसा.

"नाही," मी म्हटलं. "मी यापुढे एकही डोळा देणार नाही."

"का गं?"

"मी ठिपके जागेवर ठेवले, म्हणून तुम्हाला वाटलं नजर जागेवर आहे. बिंदू घट्ट होतोय बाबा. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं मला. मी बोलले नाही."

आईच्या हातातली जुडी थांबली.

"आणि ऑपरेशन बिघडलं तर?" बाबांचा आवाज खाली आला. "आत्ता धुरकट दिसतं, पण दिसतं तरी."

"फार थोड्यांचं बिघडतं."

"त्या थोड्यांत मी असलो तर?"

मी शास्त्र शिकलेली आहे, मला खोटं बोलता येत नाही, असं मी आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

"असू शकता," मी म्हटलं. "पण काही केलं नाही तर दिसायचं कमी होणारच आहे. त्यात शंका नाही."

"हे तरी खरं सांगतेयस ना?"

"हो."

ते उठले. खुर्चीची पाठ चाचपून तिला वळसा घातला.

"लाव फोन डॉक्टरांना."

"आज रविवार आहे," आई म्हणाली. "बंद असतो दवाखाना."

"मग उद्या लावू दे," बाबा म्हणाले. "मी आज सांगतोय. ऑपरेशन करून घेणार आहे मी."