शिक्षा द्या, पण लेखी द्या

बराकीसाठी पाव भाजणाऱ्या बाईला सगळे शिपाई 'भट्टी' म्हणत, आणि ते काही नुसतं कामावरून नव्हे. राग तिच्या नाकावरच असायचा. पाव करपला तर ती ओव्हनला झापायची, नाही करपला तर पीठ मळणाऱ्याला. अशा बाईच्या प्रेमात पडायला वाघाचं काळीज हवं. ते निघालं रसदीचा ट्रक चालवणाऱ्या लांबूकडे. सहा फुटांचा गडी, पण तिच्यापुढे अगदी गरीब गाय.

घोडं अडलं ते वयावर. ती चोवीसची, तो बावीसचा. देशाचा कायदा म्हणे, एकवीस पूर्ण झाली की खुशाल लग्न करा. सैन्याचा नियम म्हणे, शिपायाला पंचविशीच्या आत बोहल्यावर चढायचं तर कर्नलसाहेबांची परवानगी हवी. अर्जाचं उत्तर यायला तीन महिने, आणि तुकडी तर महिनाभरात सीमेवर निघणार.

"थांबू की," लांबू म्हणाला. "तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

"वर्षं जातील तेव्हा जातील, तू चाललायस ना!" ती कडाडली.

तिला लग्नाची हौस होती असं नाही. लांबू अनाथाश्रमात वाढलेला. त्याच्या भरतीच्या कागदावर 'जवळचे नातेवाईक' हा रकाना कोराच होता. तिकडे त्याला काही झालं, तर कळवणार कुणाला? इकडे ती पाव भाजत राहील आणि तिला कुणी सांगायलाही येणार नाही. 

शेवटी दोघं नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी जन्माचे दाखले चष्म्यातून पाहिले, चष्म्यावरून पाहिले.

"कायद्यानं लग्न होतंय. सैन्याचा नियम मोडला म्हणून ते रद्दही होत नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचे कान उपटले गेले, तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

आठ दिवसांची नोटीस लागली आणि नवव्या दिवशी लग्न झालं. दहाव्या दिवशी सकाळी भट्टी दाखला घेऊन बराकीच्या कचेरीत हजर. हेडक्लार्कनं तो दोन बोटांत धरला.

"विनापरवाना लग्न आमच्या दप्तरी लग्न नव्हे. रकाना भरता येणार नाही, ताई."

"मग साहेबांना भेटते."

"अगं, नको!" लांबूला घाम फुटला. पण ती ऐकते कसली?

कर्नलसाहेब भला माणूस. लांबूसारखा ड्रायव्हर दुसरा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दाखला वाचला, दाराकडे पाहिलं, आणि हळूच तो परत तिच्या हातात ठेवला.

"मी काही पाहिलं नाही," ते हसून म्हणाले. "पोरगं चांगलं आहे, उगाच सेवापुस्तकात डाग नको. पंचवीस झाली की रीतसर कळवा. जा आता."

लांबूचा जीव भांड्यात पडला. त्यानं खाडकन सलाम ठोकला आणि तो वळलाही. भट्टी मात्र जागची हलली नाही.

"साहेब, तुम्ही पाहिलंच नाही, तर मी याची कोण?"

"म्हणजे?"

"शिक्षा द्या याला."

लांबूनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे!"

"तू गप्प बस!" तिचा आवाज चढला आणि लगेच कापायलाही लागला. "साहेब, लग्न झालंच नसेल तर यानं गुन्हा केला नाही. आणि गुन्हा केला असेल तर मी याची बायको. काय ते एक ठरवा. शिक्षा द्या, पण लेखी द्या. तिकडे याचं बरंवाईट झालं, तर कुणीतरी माझं दार वाजवायला हवं हो!"

 साहेबांनी हेडक्लार्कला हाक मारली.

"लिहून घ्या. परवानगीशिवाय लग्न केल्याबद्दल चौदा दिवस बराकीबाहेर जायला बंदी. रिकाम्या वेळात भट्टीवर पीठ मळायचं. आणि शिक्षेची सूचना नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाला पाठवा."

"पण साहेब, तो रकाना..."

"भरा. लग्न केलं म्हणूनच तर शिक्षा देतोय ना?"

दुसऱ्या दिवशी सूचना भट्टीवर आली. ती आणून दिली खुद्द हेडक्लार्कनं. बाईचे हात पिठात बुडालेले, म्हणून शेजारी घामाघूम होऊन मळत असलेल्या लांबूनंच ती वाचून दाखवली. 'आपले पती यांना' एवढं वाचलं आणि तो थांबला. त्याच्याबद्दल कुणालातरी कळवलं जात होतं, ते जन्मात पहिल्यांदाच. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तोंडभर पीठ लागलं.

"रडतोस काय, हात चालव," भट्टी म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.

"पोच द्या ताई," हेडक्लार्क म्हणाला. "इथे सही, इथे नातं. आणि खाली नातेवाइकाची काही तक्रार असल्यास."

तिनं हात पुसले, सही केली, नात्यापुढे ठळक अक्षरात 'पत्नी' लिहिलं. मग तुकडी निघायला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं आणि तक्रारीच्या जागी लिहिलं: "शिक्षा फारच कमी आहे. वाढवून मिळावी."