माळाला आलेला ताप

सकाळी दहाच्या आत चराऊ माळावर चारशे माणसं जमली होती आणि सगळी खाली मान घालून जमिनीकडे बघत होती. गावात नव्याने आलेल्या बाबाने गुडघे टेकले, झोळीतून डॉक्टरकडे असतो तसला थर्मामीटर काढला, झटकला आणि मातीत खुपसला. मिनिटभराने तो डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "एकशे पाच. धरणीआईला ताप चढलाय."

गर्दी हळहळली.

मग त्याने त्याच जागी कळशीभर पाणी ओतलं आणि बोलायला सुरुवात केली. "आजारी माणसाच्या छातीवर कोणी नाचतं का? तुमची जनावरं रोज नाचतात. हिला विश्रांती हवी, सावली हवी. सूर्याने दिलेला ताप सूर्याच्याच काचांनी उतरेल." बोलणं संपत आलं तशी माती फुगली, तडकली, आतून फसफस ऐकू आली आणि पांढरी वाफ वर आली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बोट लावून पाहिलं. चटका बसला तेव्हा तो समाधानाने मागे सरला.

तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं लागली," तो शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला म्हणाला. "मोठ्या खड्याला एवढा वेळ लागतोच. म्हणून तो एवढं बोलतो."

"कसला खडा?"

"कळीचा चुना. भट्टीतून काढलेला, पाणी न लागलेला. पाणी पडलं की उकळतो. वर वीतभर माती टाकली की झालं."

"दादा, हळू बोल," बहीण म्हणाली. "लोक ऐकतायत."

सौर कंपनी या माळावर वर्षभर डोळा ठेवून होती. बैठका झाल्या, नकाशे दाखवून झाले, लोक दर वेळी नाही म्हणाले. गवंड्याचं सूर्याच्या विजेशी भांडण नव्हतं. त्याच्या छपरावर दोन काचा होत्या आणि त्यांवर त्याचा पंखा झकास चालायचा. पण माळ कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. जो चारतो त्याचा हक्क, असा इथला नियम. वर्षातून एकदा सरकारी पाहणी अधिकारी यायचा, माळ पायी फिरायचा, ताज्या लेंड्या आणि खुरांचे ठसे बघायचा आणि वहीत 'वापरात' असं लिहायचा. तो शब्द नसला तर सरकार माळ दुसऱ्या कोणाला देऊ शकत होतं; त्या एका शब्दावर गावाची जनावरं जगत होती. बहिणीच्या बत्तीस मेंढ्याही त्यातच आल्या. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

बाबाने फर्मान काढलं, एकवीस दिवस माळावर ना खूर, ना पाऊल.

त्याच दुपारी गवंडी सरपंचाकडे गेला. सरपंच हिरव्या खुर्चीत बसून कानात काडी घालत होता.

"पाहणी याच महिन्यात असते," गवंडी म्हणाला. "माळ मोकळा दिसला तर काय लिहील तो?"

"अरे, अधिकारी आपल्या ओळखीचा. दर वर्षी इथेच चहा पितो. सांगू त्याला, जमीन जरा आजारी आहे म्हणून."

"जमीन आजारी पडत नाही."

"तू डॉक्टर कधीपासून झालास? आयुष्यभर भिंती लिंपल्यास."

"म्हणूनच सांगतोय. चुन्यात आयुष्य गेलं माझं."

"बाबाचं नाव झालं, ते तुला खुपतंय," सरपंच म्हणाला आणि काडी दुसऱ्या कानात गेली.

गवंडी घरी आला. मेंढ्या अंगणात कोंडलेल्या होत्या आणि बहीण विकतचा चारा टाकत होती. "चल, सोडू या यांना," तो म्हणाला. "मी पुढे चालतो. काही होणार असेल तर आधी मला होईल."

"तुला नाही झालं आणि यांना झालं तर? एक मेली तरी सगळा गाव म्हणेल, हिनेच कोप ओढवला."

"कोप वगैरे काही नसतं गं."

"मला कळतं रे. पण एकवीसच दिवस आहेत ना, जातील."

त्याने दोर खुंटीला परत अडकवला. चारशे माणसांसमोर बोलायला तो तयार होता, पण बहिणीच्या भीतीवर पाय देऊन पुढे जाणं त्याला जमलं नाही.

नवव्या दिवशी पाहणी झाली. जुन्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. नवा आला, दोन तास फिरला, चहाला थांबला नाही.

एकविसाव्या दिवशी ताप उतरल्याचा सोहळा होता. बाबाने आज चुना न घातलेली जागा निवडली होती. पाणी ओतलं, माती गप्प राहिली, लोक धन्य झाले. तेवढ्यात गवंडी थापी आणि बादली घेऊन पुढे आला.

"महाराज, पहिल्या दिवशीची जागा उकरतो. आता ताप नाही, म्हणजे धोका नाही."

बाबाला नाही म्हणता येईना. आईला बरं केल्याचं त्याने आत्ताच जाहीर केलं होतं.

वीतभर खाली पांढरा लगदा लागला. गवंड्याने तो थापीवर घेऊन सगळ्यांना दाखवला. मग पिशवीतून बाजारातून आणलेले चुन्याचे कोरडे खडे काढले, बादलीत टाकले, मधोमध एक अंडं ठेवलं आणि पाणी ओतलं. "आम्ही उमेदवारी करायचो तेव्हा कामावर असाच नाश्ता व्हायचा," तो म्हणाला. बादली धुमसली, फसफसली, वाफ वर गेली. दहा मिनिटांनी त्याने पळीने अंडं काढलं, धुतलं, सोललं आणि कापलं. पिवळा बलक घट्ट झाला होता.

"बादलीला पण एकशे पाच ताप," मागून कोणीतरी म्हणालं. हसू पसरत गेलं आणि त्या हशात बाबा गाडीत बसून निघूनही गेला. लोकांनी गवंड्याची पाठ थोपटली. सरपंच म्हणाला, "मला आधीपासून वाटतच होतं."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी जनावरं सोडली. माळाच्या तोंडाशी तारेचं कुंपण घालायला सौर कंपनीची माणसं आली होती. त्यांच्या मुकादमाने आदेशाची प्रत दाखवली. पाहणीच्या वहीतला शेरा त्यात उतरवला होता: 'चराईच्या ताज्या खुणा आढळल्या नाहीत. वापरात नाही.'

सरपंच कचेरीत धावला. नवा अधिकारी शांतपणे म्हणाला, "मी दिसतं ते लिहितो. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवत नाही."

"आम्हाला फसवलं, साहेब."

"जनावरं कोणी बांधून ठेवली होती?"

सरपंचाने तिथेच अर्ज लिहिला. अर्ज वर गेला. उत्तर आलं की ग्रामस्थांनी चराई स्वखुशीने थांबवली होती. चुना कंपनीने पुरवला, हे सिद्ध झालेलं नाही; पुढेही होईल असं दिसत नाही. बाबाचा पत्ता कोणाकडेच नाही. काही घरांत अजून म्हणतात, चुना होता हे खरं, पण तापही थोडा असावा.

पुढच्या महिन्यात बहिणीने मेंढ्या विकल्या. टेम्पोत चढवताना गवंडी एकेकीला हात लावून देत होता.

"तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"मग मी का नाही ऐकलं?"

"ऐकलंस गं. खरंही वाटलं होतं तुला. फक्त पाऊल नाही टाकलंस, आणि मीही नाही टाकलं."

टेम्पोचा मागचा फाळका बंद झाला.

वाफ कशातून निघते, हे विचारायलाच हवं. पण त्याच दमात हेही विचारा, की या वाफेमुळे तुम्ही रोजचं कोणतं काम थांबवणार आहात आणि ते थांबलं की कोणाचं काम सुरू होणार आहे. उत्तर मिळेपर्यंत आपलं काम थांबवू नका. एकविसाव्या दिवशी या गावातल्या प्रत्येकाला चुना म्हणजे काय ते समजलं होतं, आणि समजून कोणालाही काही उपयोग झाला नाही.