संदुकीतलं पीठ

बातिमा म्हातारीच्या हाती लागलेलं हाड तीनदा मरायचं. पहिल्या दिवशी त्याचा रस्सा व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्याच हाडाच्या पाण्यात वरीची पेज शिजायची. तिसऱ्या दिवशी म्हातारी पाण्याला आधण आणून त्यात हाड नुसतं बुडवून काढायची आणि वर सुनेला विचारायची, "वास आला ना? मग झालं तर!"

बटाट्याच्या साली तिनं आयुष्यात फेकल्या नव्हत्या, आता तर प्रश्नच नव्हता. त्या धुवून, उकडून, वाटून, चिमूटभर पिठात थापून कोरड्या तव्यावर भाजायच्या. उकळलेली चहापत्ती वर्तमानपत्रावर वाळत पडलेली असायची आणि संध्याकाळी पुन्हा किटलीत जायची. तिसऱ्या खेपेला त्या चहाला रंग नसायचा, चव नसायची, पण गरम असायचा, आणि त्या घरात गरम या शब्दाला मोठी किंमत होती.

युनियन नावाचा तो अवाढव्य देश मोडल्यालाही आता तिसरा हिवाळा चालू होता. खाण बंद पडली, तिच्यापाठोपाठ बॉयलर बंद पडला, आणि पाच मजली इमारतीच्या भिंतींतले पाइप प्रेतासारखे थंड झाले. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. उरलेल्यांनी पत्र्याच्या शेगड्या बनवल्या आणि त्यांची धुराडी खिडकीतून बाहेर काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तिघी राहत होत्या. बातिमा, तिची सून ओरिनकुल आणि सहा वर्षांची नझेरके. बाकीच्या दोन खोल्यांची दारं चिंध्या कोंबून बंद केली होती.

ओरिनकुलचा नवरा तेमिरखान सप्टेंबरात उत्तरेकडच्या एका खाणीवर कामाला गेला होता. जाताना म्हणाला, "मार्चातल्या नवरोजपर्यंत येतो." तेव्हापासून पत्र नाही की निरोप नाही. पण पत्र तरी कुणाचं येत होतं? टपाल कचेरीला कुलूप लागून वर्ष झालं होतं. ओरिनकुल दिवस मोजत होती. नवरोजला आता चारच आठवडे राहिले होते, आणि त्या आशेवर ती सालींची थालीपीठं गिळत होती.

गिळता यायची नाही ती सासूची एक सवय. जेवण झालं, म्हणजे ज्याला जेवण म्हणायचं ते झालं, की म्हातारी दोन्ही तळवे पसरायची, नातीलाही पसरायला लावायची, देवाचे आभार मानायची आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवायची. दररोज. एकही दिवस खाडा नाही.

"कशाचे आभार, अपा?" ओरिनकुल एकदा भडकलीच. "सालींचे?"

"सालींचे मान. बटाटे मिळेनात, त्यात सालींचा काय गुन्हा?"

"आणि वर बसलेल्याला वाटायचं, यांचं अगदी मजेत चाललंय. मग काय, सालीही बंद करील!"

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर म्हणाली, "जीभ बरी आहे तुझी. तीच तळून खाऊ एखाद्या दिवशी." ओरिनकुललाही हसू आवरलं नाही, आणि हसल्याचा तिला नंतर रागच आला.

फेब्रुवारीच्या मध्याला नझेरके तापानं फणफणली. आठ दिवस पोर निपचित पडून होती. समोरच्या दारातल्या झिलिखानं कुठूनसं वाटीभर दुधाची पावडर आणून दिली, त्यावर तिनं तग धरला. नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ताप उतरला, आणि पोरीनं डोळे उघडून पहिला शब्द काढला तो "मांस".

मांस कुठलं आणायचं? म्हातारी पहाटेच पोतं घेऊन रेल्वे लाइनीकडे गेली होती, वाघिणींतून सांडलेला कोळसा वेचायला. पोरीला गुंडाळायला लोकरी शाल हवी म्हणून ओरिनकुलनं सासूची संदूक उघडली. संदुकीला कुलूप नसे, पण सुनेनं तिला हात लावायची रीतही नव्हती. वरचे कपडे बाजूला केले, खालची गोधडी उचलली, आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली.

तळाशी पिठाची पिशवी होती. चांगली पाच किलोंची, पांढरंशुभ्र पीठ. शेजारी मिठात मुरवलेला मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा गोळा. फडक्यात बांधलेला, वाळवलेल्या घोड्याच्या मांसाचा हातभर तुकडा. चहाचं न फोडलेलं पाकीट. साखरेचे खडे, एकेक कागदात गुंडाळलेले.

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. कणीक मळताना म्हातारी दर खेपेला मूठभर पीठ का मागे ठेवायची. महिन्यापूर्वी चांदीची बांगडी "हरवली" ती कुठे हरवली. भाकरी लहान लहान का होत गेली. सहा वर्षांची पोर तापात वाळून काटकी झाली आणि तिची सख्खी आजी संदुकीवर नागीण होऊन बसली होती!

ओरिनकुल मुळातच तापट. उपाशी माणसाचा राग तर विचारूच नका. "आभार मानते म्हणे," ती पुटपुटली. "साठा असल्यावर कोण नाही मानणार?" आणि तिनं ठरवलं की आज सगळं शिजवायचं. उद्याला चिमूटही ठेवायची नाही, म्हणजे दडवायला काही राहणारच नाही.

एकटीनं मात्र खाता येणार नव्हतं. जिन्यात मांसाचा वास सुटल्यावर दार लावून खाणाऱ्याला त्या इमारतीत कुणी माणूस म्हटलं नसतं. शिवाय झिलिखाचं दूध होतंच. तिनं झिलिखाच्या मुलीला हाक मारली आणि निरोप धाडला, वरच्या मजल्यावरच्या सेइतकाली आजोबांना आणि जिन्यातल्या दोन-चार घरांना. सासू हयात असताना सुनेनं आपल्या नावानं कुणाला जेवायला बोलावणं म्हणजे बेअदबी. रागातही तिला तेवढं भान होतं. म्हणून तिनं सांगितलं, "म्हणावं, बातिमा आजीनं बोलावलंय. दुपारी जेवायला या."

मग ती कामाला लागली. मांस भिजवून मोठ्या पातेल्यात चढवलं. कणीक घट्ट मळली, पातळ लाटली, चौकोन कापले. चरबी वितळली तशी खोलीभर जो वास पसरला, त्यानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. नझेरके उशीला टेकून बसली होती, नाक वर करून. "आई, बाबा आले का?" तिनं विचारलं.

"येतील. आज आपण जेवून ताकद आणू, मग येतील."

दुपारी माणसं आली. आणि कशी आली! सेइतकाली आजोबांनी दाढी विंचरली होती आणि पेटीतला काळा कोट चढवला होता. झिलिखानं डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता आणि हातात कपभर पीठ होतं. मागोमाग आणखी तिघं. कुणी तीन बटाटे घेऊन, कुणी मिठाची पुडी.

"अगंबाई, लग्नाला आल्यासारखे नटलात की!" ओरिनकुल म्हणाली. "आणि हे पीठ कशाला? जेवायला येताना शिधा आणतात का कुणी?"

झिलिखानं ओरिनकुलला घट्ट मिठी मारली. उपासमारीनं माणसं हळवी होतात, असं ओरिनकुलला वाटलं.

आजोबांनी विचारलं, "बातिमा कुठंय?"

"येतीलच. तोवर तुम्ही सुरुवात करा, गार होतंय."

ती बसली आणि वाढत राहिली. पोरीच्या तोंडात मऊ मांसाचे घास देत राहिली. पोर खात होती, ओठांवर तूप चमकावं तशी चरबी चमकत होती, आणि ओरिनकुलला सकाळच्या रागाचीही आठवण राहिली नाही. तिला सगळेच आवडू लागले. हे धुरकट घर, ही गबाळी माणसं, इतकंच काय, सासूसुद्धा. पण पाहुणे खात नव्हते. एकेक घास घेऊन खाली बघत होते.

"घ्या की! लाजता काय?" ती म्हणाली. "अपानं नक्की लेकासाठी राखून ठेवलं होतं हे. हे आले की मी सांगणार आहे, तुमच्या वाटचं आम्ही चाटूनपुसून खाल्लं! घ्या, उरलं तर माझं पितळ उघडं पडेल."

कुणी हसलं नाही. झिलिखानं रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

तेवढ्यात दार उघडलं. बातिमा कोळशाच्या पोत्यासह उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी वास घेतला. मग पातेलं पाहिलं, मग पाटावर बसलेली माणसं, झिलिखाचा पांढरा रुमाल, आजोबांचा कोट. पोतं तिच्या हातून सुटलं आणि कोळसा जमिनीवर गडगडत गेला.

"ओरडू नका, अपा," ओरिनकुल उठत म्हणाली. "पोरीनं मांस मागितलं. आणि दडवून तरी किती दिवस..."

"बैस," बातिमा म्हणाली.

तिचा आवाज असा होता की ओरिनकुल बसली. आजोबांनी म्हातारीकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. आजोबांनी ताटली बाजूला सारली, घसा साफ केला आणि मांडीवर हात ठेवून सावकाश बोलू लागले.

"ओरिनकुल, माझ्या लेकी. डोंगरातून निघालेला झरा दर वेळी वस्तीपर्यंत पोचतोच असं नाही. कधी वाटेतच जमीन त्याला पिऊन टाकते. काठावरच्या गवतानं वाट बघितली म्हणून पाणी मागं फिरत नाही..."

ओरिनकुल त्या मुलखात जन्मली होती. काळा कोट घातलेला म्हातारा जेवणानंतर बाईसमोर असा आडवळणानं बोलू लागला की त्याचा अर्थ एकच असतो. तिच्या माहेरी तिच्या आईसमोर असंच कुणीतरी बोललं होतं. मरणाची बातमी कुणी जिन्यात, दारात, उभ्या उभ्या सांगत नाही. चार माणसं जमावी लागतात, वडीलधारा बोलावा लागतो, आणि आलेल्यांना पोटभर वाढावं लागतं. तिनं वाढलं होतं. आपल्या हातानं, हसत हसत, आग्रह करकरून वाढलं होतं. आणि स्वतः दोनदा घेतलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही, आजोबा. पुढं बोलू नका."

पण बातमी निम्म्यात थांबवता येत नाही. उत्तरेकडच्या खाणीचं छत बसलं, त्यात तेमिरखान गेला. सोबतच्यांनी तिथंच माती दिली. त्यांच्यातला एकजण घरी परतताना इथं उतरला आणि जिन्यात म्हातारीला गाठून सांगून गेला. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. म्हातारीनं दारोदार जाऊन शपथा घातल्या होत्या, हिला कळता कामा नये, वाढण्याइतकं जमलं की मीच तुम्हाला बोलावीन. भुकेल्या घरात मरणाची बातमी द्यायची तर निदान लेकाच्या नावानं ताट मांडता आलं पाहिजे, हा तिचा हट्ट होता.

ओरिनकुलनं टाहो फोडला. झिलिखानं तिला धरलं. बायका मोठ्यानं रडू लागल्या, पोर घाबरून रडू लागली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं, मग गेलंच. माणसं एकेक करून उठली. आणलेलं पीठ, बटाटे, मीठ त्यांनी शेगडीशी ठेवलं आणि पायांचा आवाज न करता गेली. नझेरके झोपली.

खोलीत दोघीच उरल्या. ओरिनकुलनं भिंतीला डोकं टेकलं होतं. समोर सासू जमिनीवर बसून सांडलेला कोळसा एकेक वेचून पोत्यात भरत होती.

"कधी आला होता तो माणूस?" ओरिनकुलनं विचारलं.

"पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी."

ओरिनकुलला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी म्हातारी बाहेरून आली, खांद्यावरचं बर्फ झटकलं, आणि आपल्या लग्नातली शाल बकरीनं कशी खाल्ली त्याची गोष्ट तिनं बकरीच्या आवाजासकट सांगितली होती. ओरिनकुल पोट धरधरून हसली होती. म्हणजे जिन्यात ते ऐकून, पंधरा पायऱ्या चढून, ही बाई आत आली होती. आणि त्यानंतर चार महिने हिनं स्वतःच्या घासातला घास लेकाच्या ताटासाठी बाजूला काढला होता, आणि रोज समोर बसून आपल्याला हसवलं होतं. दुःख होतंच, पण हे दुसरं होतं. इतकं कुणी आपल्यासाठी केलं होतं, आणि ती सकाळी त्या बाईला मनात नागीण म्हणाली होती.

ती रांगत पुढे गेली आणि तिनं सासूचा काळा झालेला हात धरला.

"अपा, चार महिने तुम्ही रडलात कुठं?"

म्हातारीनं जरा आठवून पाहिलं. "रडले नाही गं," ती म्हणाली. "तू घरातच असायचीस ना."

"आता रडा."

"पोर उठेल."

"उठू दे. तिला मी घेते."

म्हातारीनं हातातला कोळसा नीट पोत्यात ठेवला. मग तिचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं, आणि तिनं लेकाच्या नावानं पहिली हाक मारली.