चिटणिसाच्या कानात

जिनिव्हात मत देण्याची रीत अशी होती: सगळे नागरिक मोठ्या चर्चमध्ये जमत, एकेक जण चिटणिसापाशी जाई आणि त्याच्या कानात ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढंच कुजबुजे. चिटणीस वहीत खूण करी. या रीतीने माणूस निर्भय राहतो, असं एतिएन वेर्नाझ यांनी आपल्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात लिहिलं होतं.

त्या रविवारी प्रश्न होता कारागिरांचा. ज्यांचे आजे-पणजे बाहेरून आले, ते इथे जन्मूनही नागरिक नव्हते. त्यांनी केलेल्या घड्याळांवर नाव दुसऱ्याचं कोरलं जाई. त्यांना आपलं नाव कोरू द्यावं का, यावर मत होतं. वेर्नाझ यांचा वीस वर्षांपासूनचा मित्र अब्राम पेल्तिए त्यांतलाच एक.

ठराव थोड्या मतांनी पडला.

पुढच्या गुरुवारी वेर्नाझ सहा जिने चढून अब्रामच्या कामाच्या खोलीत गेले. बाकीचे कारागीर जेवायला उतरले होते. अब्रामने खुर्ची पुढे केली आणि उलट त्यांचीच समजूत घालायला लागला. तुमच्या एकट्याच्या ‘मान्य’ने काय होणार होतं, म्हणाला. चर्चमधून बाहेर पडताना तुमचा चेहरा पाहिला मी, दोन दिवस जेवला नसाल.

वेर्नाझ उठून खिडकीपाशी गेले. खाली सरोवर दिसत होतं.

“अब्राम, मी अमान्य म्हणालो.”

अब्रामच्या हातातला चिमटा थांबला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळातले एक वृद्ध सदस्य घरी आले होते. कॉफी घेतली, हवापाण्याचं बोलले. निघताना म्हणाले, तुमच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती छापण्याच्या परवानगीचा अर्ज आमच्यापुढे आहे, बघू. आणि हो, उद्या चिटणिसाच्या जागी माझा पुतण्या बसणार आहे.

“धमकी दिली?”

“नाही. एक शब्दही नाही.”

“आणि परवानगी?”

“सोमवारी मिळाली.”

अब्राम हसला, पण त्यात राग नव्हता. रागावला असता तर वेर्नाझ यांना बरं वाटलं असतं. त्याने एकेक कानस पुसून चामड्याच्या पट्ट्यात खोचायला सुरुवात केली. सरोवराकाठच्या फ्रेंच गावात जागा पाहिली आहे, बायको सुझान तयार आहे, शनिवारी निघतो, असं त्याने सांगितलं.

“माझ्यामुळे जातोस?”

“तुमच्या पुस्तकामुळे, मस्यू. सतरावं प्रकरण. जो माणूस राज्याच्या हद्दीत राहतो, त्याने तिथल्या कायद्याला संमती दिली असं धरावं. आम्ही काम करता करता इथे मोठ्याने वाचलं होतं. मला ही संमती द्यायची नाही. मग राहू कसा?”

ते वाक्य वेर्नाझ यांनी एका दुपारी लिहिलं होतं. त्यावाचून पुढचा युक्तिवाद जुळत नव्हता. ज्याला मताचा हक्क नाही, घर हलवायला पैसा नाही, त्याच्या राहण्याला संमती कसं म्हणायचं, हा प्रश्न तेव्हा त्यांना सुचला नव्हता. की सुचला होता? त्यांना नक्की आठवेना.

“चुकलंय ते वाक्य,” ते म्हणाले.

“मग नव्या आवृत्तीत काढून टाका.”

“ते पान कालच छापून झालं.”

अब्रामने मान हलवली आणि पट्ट्याची गाठ घट्ट केली.